खोकून हृदयविकाराचा झटका थांबत नाही

“तुम्ही एकटेच गाडी चालवत घरी निघाला आहात. अचानक छातीत कळ येते, ती हातात आणि जबड्यात उतरते. हॉस्पिटल पाच मैलांवर आहे. काय कराल?” असा एक निरोप तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. त्यातलं उत्तर असं : खोल श्वास घ्या, जोरात खोका, दर दोन सेकंदांनी हेच करत राहा आणि मदत मिळेपर्यंत थांबू नका. शेवटी, हे दहा जणांना पाठवा.

१९९९ पासून हा मजकूर इंग्रजीत ईमेलवर फिरत होता, आता तो मराठीत व्हॉट्सॲपवर फिरतो. सांगलीला एकटी राहणाऱ्या माझ्या मावशीने तो कागदावर उतरवून फोनच्या वर भिंतीला चिकटवला होता. तो कागद पाहिला आणि पोटात गोळा आला. म्हणून त्यातला एकेक दावा घेतो.

“हृदय नीट चालेनासं झालं की शुद्ध हरपायला फक्त दहा सेकंद असतात.” हे हृदय बंद पडण्याबद्दल जवळपास खरं आहे. पण निरोपात वर्णन आहे ते झटक्याचं, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी एखादी धमनी गुठळीने बंद होते. त्या भागातला स्नायू मरू लागतो, पण बाकीचं हृदय बहुधा चालू असतं. कळ जाणवते, घाम फुटतो, माणूस बोलतो, कारण मेंदूला रक्त पोचतंय. हृदय बंद पडतं तेव्हा माणूस काही क्षणांत कोसळतो, आणि बेशुद्ध माणूस ठरवून खोकू शकत नाही. म्हणजे ज्याला खोकायचं सुचतंय त्याचं हृदय रक्त ढकलतंय, आणि ज्याचं बंद पडलंय त्याला निरोप आठवायला शुद्धच उरत नाही.

“खोल श्वासाने हृदयाला ऑक्सिजन मिळतो.” इथे हृदयाची रचना समजून घ्यायला हवी. मुठीएवढ्या, साधारण ३०० ग्रॅम वजनाच्या या स्नायूतून मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त जातं. तरी कप्प्यांतल्या त्या रक्तावर हृदयाची भिंत पोसली जात नाही. आतला पातळ थर सोडला तर साऱ्या स्नायूची भिस्त बाहेरून येणाऱ्या करोनरी धमन्यांवर असते. महाधमनी सुरू होते तिथेच, झडपेच्या लगेच वर, त्या फुटतात आणि हृदयावर पसरतात. मावशीला मी एवढंच विचारलं : धरण काठोकाठ भरलंय, पण शेताकडे जाणारी चारी गाळाने बुजलीय, धरणात आणखी पाणी सोडून शेत भिजेल का? एरवी फुप्फुसं धड असलेल्या माणसाच्या रक्तात ऑक्सिजन बहुधा पुरेसा असतोच. अडलंय ते गुठळीपाशी.

“खोकल्याने हृदय दाबलं जातं आणि रक्त फिरत राहतं.” खोकताना छातीतला दाब वाढतो, हे खरं. पण चालू हृदयाला त्या दाबाची गरज नसते. शिवाय हृदय आकुंचन पावतं तेव्हा भिंतीतल्या त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्याही चेपल्या जातात, म्हणून डाव्या निलयाच्या, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याच्या, स्नायूला बरंचसं रक्त दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळतं. धापा टाकत, जिवाच्या आकांताने खोकलं की ठोके वाढतात, विसावा आखडतो आणि स्नायूची ऑक्सिजनची मागणी वाढते. उपाशी स्नायूला आपणच कामाला जुंपतो.

“त्या दाबाने ठोके पुन्हा सुरळीत होतात.” ठोक्यांची लय विजेवर चालते. उजव्या अलिंदाच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या, भिंतीतल्या पेशींच्या छोट्या पुंजक्यातून मिनिटाला ६० ते १०० वेळा संदेश निघतो, अलिंद आणि निलय यांच्या मध्ये क्षणभर थबकतो आणि मग निलयांत पसरतो. ही शिस्त पार मोडून निलय नुसते थरथरू लागले तर शॉक देणारं यंत्र लागतं, आणि ते येईपर्यंत दुसऱ्या कुणीतरी छाती दाबत राहावं लागतं : मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

मग ही कल्पना आली कुठून? १९७६ मध्ये अमेरिकेतल्या क्रायली आणि सहकाऱ्यांनी तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. करोनरी धमन्यांची तपासणी चालू असताना त्यांचे निलय थरथरू लागले; दर एक ते तीन सेकंदांनी खोकत ते २४ ते ३९ सेकंद शुद्धीवर राहिले. नोंद खरी आहे आणि मोलाची आहे. पण ते रुग्ण टेबलावर होते, पडद्यावर ठोके दिसत होते, बिघाड झाल्या क्षणी डॉक्टर खोकायला सांगत होते आणि शॉकचं यंत्र हाताशी होतं. अर्ध्या मिनिटाची ती सोय निरोपाने रस्त्यावरच्या एकट्या माणसाच्या गळ्यात बांधली. अमेरिकन हार्ट असोसिएशन लोकांना हा उपाय सुचवत नाही.

सगळ्यात घातक गोष्ट निरोपातल्या त्या चित्रातच आहे : छातीत कळ येत असताना गाडी हाकणं. वाटेत शुद्ध गेली तर आपल्याबरोबर दुसराही जातो. गाडी बाजूला घ्या आणि १०८ लावा. गुठळी फोडणारं औषध किंवा अँजिओप्लास्टी यांनीच चारी मोकळी होते, आणि दर मिनिटाला थोडा स्नायू कायमचा जातो. छातीवरचं दडपण, घाम, धाप, मळमळ याला ‘गॅस झालाय’ म्हणून तासभर काढू नका, विशेषतः मधुमेह असेल तर. मधुमेहींमध्ये कळ सौम्यही असू शकते.

मावशीचा कागद आम्ही दोघांनी बसून नव्याने लिहिला. १०८. शेजारच्या वहिनींचा नंबर. ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम, चावून; तिला रक्तस्रावाचा किंवा ॲलर्जीचा त्रास नाही, हे डॉक्टरांना विचारून मगच ही ओळ घातली. चालायचं नाही, टेकून बसायचं. आणि सगळ्यात वर, तिच्याच अक्षरात : फोन झाला की आधी दाराची कडी काढ.