रिव्ह्यूला उत्तर: पिशवीचा वास आणि न वाढलेला कर्ब

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. आमच्या गांडूळखताची पिशवी फोडली तर कुबट वास, आत मेलेली गांडुळं, आणि वर्षभर हेक्टरी ५ टन टाकूनही माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन) होता तिथेच, म्हणजे पिशवीवरची ‘कार्बन साठवणारं खत’ ही ओळ शुद्ध फसवणूक, असं तुम्ही लिहिलंय.

वासाचं आधी बोलतो, ती चूक आमचीच. ती बॅच सावलीत नीट सुकायच्या आधीच भरली गेली, बंद पिशवीत ओल जास्त आणि हवा नाही, मग खत आतल्या आत सडतं आणि चाळणीतून निसटलेली गांडुळं गुदमरून मरतात. चांगल्या गांडूळखताला ओल्या मातीचा वास येतो, बाकी कसला नाही. पिशव्या बदलून देतोय. जुनं खतही फेकू नका, सावलीत पातळ पसरा, रोज खालीवर करा, वास पूर्ण गेला की वापरा.

आता कर्ब. एक हेक्टरचा वरचा १५ सेंटीमीटरचा थर घेतला तर मातीचं वजन साधारण २,००० टन भरतं, त्यात कर्ब नुसता ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हटलं तरी २ टन कर्ब मातीत टिकून राहायला पाहिजे. तुमच्या ५ टनातलं निम्मं पाणी धरा, उरलेल्या अडीच टनात २० टक्के कर्ब धरा, झाला अर्धा टन, आणि त्यातलाही बराच जिवाणू खाऊन हवेत सोडणार. रिपोर्टात दिसणार कुठून? शिवाय कचऱ्याचं खत होतानाच त्यातला बराच कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन उडालेला असतो. हे सगळं आम्हाला माहीत होतं आणि तरी पिशवीवर ती मोठी ओळ छापली, हे चुकलंच. माफ करा.

पण खत वाया गेलं असं मात्र मी म्हणू देणार नाही. एक करून बघा, जिथं खत टाकलं तिथलं एक वाळलेलं ढेकूळ आणि बांधाजवळ जिथं टाकलं नाही तिथलं एक, दोन्ही पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. जे लगेच विरघळून पाणी गढूळ करतं त्याची घडण गेलेली असते, जे तसंच बसून राहतं ते कणांना चिकटवून धरतंय. गांडुळाच्या विष्ठेत चिकणमाती आणि कुजलेला पाला असे घट्ट गुंफलेले असतात की जिवाणूंना आतल्या कर्बापर्यंत पोचायला वेळ लागतो, खरी साठवण ती, आणि ती शेतातल्या मातीत राहणारी गांडुळं आणि पिकांची मुळं मिळून वर्षानुवर्षं करतात. आमच्या पिशवीतली गांडुळाची जात, आयसेनिया फेटिडा, पालापाचोळ्यात राहणारी, उघड्या शेतात ती टिकतच नाही, त्यामुळे तुम्हाला नंतर एकही दिसलं नाही ते साहजिक आहे.

तुम्हीच लिहिलंय की वर्षात तीनदा नांगरट झाली आणि मधले महिने जमीन उघडी होती. दादा, नांगराने तेच घट्ट गुंफलेले कण फुटतात आणि आत दडलेला कर्ब जिवाणूंना मोकळा मिळतो. खत तेवढंच ठेवा, पण पिकाचे अवशेष जागेवर राहू द्या, आच्छादन घाला, नांगरट जमेल तितकी कमी करा.

नव्या पिशव्यांवरून ती ओळ काढलीय. आणि ३ वर्षांनी त्याच जागेची, तेवढ्याच खोलीवरची, त्याच महिन्यात माती काढून त्याच लॅबला द्या, तपासणीचा खर्च आमचा, आकडा काहीही येवो तो इथेच टाका.