मारुती ८०० तीन दिवस ‘अडकवून’ ठेवली या रिव्ह्यूला साताऱ्यातल्या गॅरेज मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब. घरची मंडळी गाडीत असताना ऐन घाटात गाडी बंद पडली, तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आता थोडं माझंपण ऐकून घ्या, कारण तुम्ही एक स्टार देऊन जे लिहिलंय ते उद्या गोडोली, शाहूपुरी, करंज्यातला कोणीपण वाचणार आणि गाडी परस्पर दुसरीकडं नेणार, आणि माझ्याकडच्या पोरांची घरं याच शटरवर चालतात.

तुम्ही लिहिलंय, “कार्बोरेटर साफ करायचं तासाभराचं काम, त्याला तीन दिवस गाडी अडकवून ठेवली, मी बघायला गेलो तर बोनेट बंद, गाडीजवळ कोणी नाही, मालक आणि पोरं चहा पीत बसलेली. वर अडीच हजार घेतले आणि आठवड्याच्या आत खंबाटकीत गाडी परत बंद.” पैशाचं सोडा, बिलात सामान वेगळं आणि मजुरी वेगळी लिहिलेली आहे, कुठल्याही गॅरेजला दाखवा. पण ते चहाचं जे लिहिलंय ना साहेब, ते मला लागलं. ते बोनेट मीच बंद करायला लावलं होतं.

तुमच्या गाडीची तक्रार काय होती ते आठवा. सकाळी चोक ओढला की एका सेल्फमध्ये चालू. घरापासून पोवई नाक्यापर्यंत काही नाही. मग गाडी गरम झाली, चोक आत ढकलला, आणि कुठं ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन थरथरायचं, आरपीएम खाली खाली जायचा आणि बंद. रेस दिली की परत मस्त. म्हणजे आजार फक्त गरम असताना आणि फक्त स्लोवर, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना. ताप उतरल्यावर पेशंट दवाखान्यात नेला तर डॉक्टर तरी काय बघणार, तसं आहे हे, गार गाडीत कितीपण डोकं घाला, सापडत नाही.

आणि गाडी आली तेव्हा कशी होती? स्लो स्क्रू पिळून आरपीएम बाराशे-तेराशेवर नेऊन ठेवलेला. व्हिडिओ बघून तुम्हीच फिरवला होता, तुम्ही स्वतःच मला सांगितलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, बरेच जण करतात. पण ८०० ला स्लो साडेआठशे-नऊशेच्या आसपास पाहिजे. वाढवून ठेवला की गाडी बंद पडत नाही एवढंच, दुखणं आहे तिथंच राहतं, वर पेट्रोल जास्त पिते, आणि कधी कधी किल्ली बंद केल्यावरपण इंजिन गचके खात फिरत राहतं. मला तुम्हाला खूश करायचं असतं तर मीपण तो स्क्रू अजून अर्धा आटा पिळून पाच मिनिटांत गाडी हातात दिली असती, दोनशे रुपये घेतले असते, आणि तुम्ही मला पाच स्टार दिले असते. असं करणारे आहेत, नाव घेत नाही.

आम्ही आधी स्क्रू जागेवर आणला. प्लग काढले, तिन्ही पांढरे पडलेले. काळी काजळी धरली असती तर पेट्रोल जास्त जातंय म्हणायचं, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय नाहीतर कुठून तरी फालतू हवा आत येतीय. मग कार्बोरेटर उतरवला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. हा तुमचा तासाभराचा भाग, हे मान्य. स्लो जेटचं (स्लोला पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं) भोक एवढं बारीक असतं की घाण अडकायला काही लागत नाही, ते क्लीनर आणि एअर मारूनच साफ करायचं, त्यात तार घालायची नाही, भोक मोठं झालं की तो जेट गेला. फ्लोटची लेव्हल बघितली, नीडल बघितली (आत पेट्रोल किती साठायचं ते हे दोन ठरवतात), किट टाकलं, बसवला. चालू केली तर एकदम शांत. तुम्ही म्हणता तसं त्याच वेळी गाडी देता आली असती, आणि तुम्ही संध्याकाळी शिव्या देत परत आला असता.

म्हणून पोराला गाडी घेऊन शेंद्रे फाट्यापर्यंत पाठवली. चांगली तापवून आणली, बंद केली, आणि बोनेट लावून घेतलं. का लावलं? तर हायवेला चहाला थांबल्यावर बोनेट उघडून कोण ठेवत नाही ना. गरम इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, रेडिएटरची हवा थांबते, आणि सगळी उष्णता वर कार्बोरेटरकडं चढते. चालू गाडीपेक्षा बंद गाडीचा कार्बोरेटर जास्त तापतो हे बऱ्याच जणांना पटत नाही. पंधरा-वीस मिनिटं तशी ठेवायची आणि मग सेल्फ मारायचा, तेव्हा गाडी खरं बोलते. त्या पंधरा-वीस मिनिटांत गाडीला हात लावायचा नसतो, लावला तर टेस्ट फुकट. त्या वेळात आम्ही चहा घेतला. आणि तुम्ही नेमके त्याच वेळी आलात, फोटो काढला, काही न बोलता गेलात. आत येऊन नुसतं विचारलं असतं तर तुम्हालापण एक कटिंग पाजला असता आणि पुढची टेस्ट समोर दाखवली असती.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही म्हणून लिहितो. सेल्फ मारला, चालू झाली, आणि थरथर सुरू. आता यात दोन संशय असतात. एक म्हणजे बाऊलमधलं, कार्बोरेटरच्या वाटीतलं, पेट्रोल उकळून आत सांडतंय, त्यात पेट्रोलचा वास येतो, सेल्फ लांब मारावा लागतो, पण मिनिटभर चालली की गाडी सुधारते. तुमची सुधारत नव्हती, वासपण नव्हता. म्हणजे दुसरा संशय, हवा घेतीय. मग कार्बोरेटरच्या खालच्या पॅकिंगच्या कडेनं क्लीनरचा अगदी बारीक फवारा मारला, तसा आरपीएम झटक्यात वर चढला. तिथंच चीर होती. गार असताना दबून बसायची, तापलं की उघडायची. (हे घरी करू नका कोणी, गरम सायलेन्सरवर फवारा उडाला तर गाडी पेटते. आम्ही बादली आणि फायरवाला सिलिंडर शेजारी ठेवून करतो.)

चोक ओढल्यावर गाडी का चालायची तेपण यातच आलं. चोक असताना पेट्रोल मुद्दाम जास्त जातं, त्यात ती फालतू हवा खपून जाते. आणि रेस दिल्यावर इंजिन एवढी हवा ओढतं की चिरेतनं येणारी हवा हिशोबातच धरायला नको. मारते ती फक्त स्लोला, कारण स्लोला इंजिन मोजून मापून श्वास घेत असतं. त्यात आताचं पेट्रोल. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलवालं यायला लागलं, आता सगळीकडं तेच. साध्या पेट्रोलला एका किलोमागं साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते, निव्वळ इथेनॉलला नऊच्या आसपास. म्हणजे जेट तोच ठेवून इथेनॉल वाढवलं की मिक्श्चर आपोआप पातळ होतं, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते सावरून घेतो, कार्बोरेटरला बिचाऱ्याला कोण सांगणार. पूर्वी जी गाडी बारीक चीर असताना ओढून न्यायची ती आता नेत नाही. जुने रबरी पाइपपण या पेट्रोलनं कडक नाहीतर फुगीर होतात, तुमच्या व्हॅक्यूम पाइपचं टोकपण तडकलेलं होतं, तो बदलला, त्याचे पैसे लावलेले नाहीत, बिल बघा.

आता पॅकिंग. ८०० ला २००० साली इंजेक्शन आलं, २०१४ ला गाडीच बंद झाली. कार्बोरेटरवाल्या ८०० चं चांगलं सामान साताऱ्यात प्रत्येक दुकानात मिळत नाही. लोकल मिळतं, पण ते बसवलं असतं तर महिन्यात तोंड वर केलं असतं, म्हणून पुण्याहून मागवलं. त्यात एक दिवस गेला. आल्यावर खालचा फ्लँज (पॅकिंग बसतं ती सपाट कड) वाकलाय का ते पट्टी लावून बघितलं, बोल्ट सगळीकडनं सारखे आवळले, परत तापवून टेस्ट. आणि मग रात्रभर गार करून सकाळची चोकची टेस्ट, कारण गरमचं मिक्श्चर सेट केलं की गारचं बिघडत तर नाही ना हे बघावं लागतं, आणि सकाळ काय दिवसातनं दोनदा होत नाही. झाले तुमचे तीन दिवस. यात पाना हातात घेऊन केलेलं काम खरंच दोन-अडीच तासांचं आहे आणि मजुरी तेवढीच लावलीय, थांबण्याची मजुरी आम्ही घेत नाही.

राहिला खंबाटकी. तुम्ही लिहिलंय “तोच प्रॉब्लेम परत आला”. साहेब, तुम्हीच रिव्ह्यूमध्ये लिहिलंय की पुण्याहून येताना घाट चढताना, सेकंड गिअरला, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना गाडीनं दम सोडला, बाजूला घेतली, दहा मिनिटांनी चालू झाली. पाय दाबलेला असताना बंद पडली म्हणजे स्लोचा काही संबंध नाही. तिथं इंजिनला पेट्रोल पोचत नाहीय. चढावर पेट्रोल जास्त लागतं, टाकीतनं येणारी वाट तुंबलेली असेल तर बाऊल रिकामा होतो, थांबल्यावर हळूहळू भरतो, म्हणून दहा मिनिटांनी चालू. महाबळेश्वरला गेलेल्या कार्बोरेटरच्या गाड्या येतात आमच्याकडं काळा धूर ओकत, तिथं वर हवा विरळ म्हणून पेट्रोल जास्त होतं, ती तिसरीच भानगड. घाटात बंद पडली की सगळं एकच असं नसतं. गाडी समोर नसताना मी शंभर टक्के बोलणार नाही, पण माझा अंदाज टाकीचाच आहे.

कारण गाडी पावसाळाभर एका जागी उभी होती. हे पेट्रोल पाणी धरतं, पाणी तळाला बसतं, पत्र्याला गंज. फिल्टर बदलताना त्यातनं लाल पाणी निघालं, ते मी बाटलीत घालून तुमच्या आण्णांना दाखवलं. गाडी न्यायला तेच आले होते. म्हटलं टाकी उतरवून धुवायला लागेल, नाहीतर नवा फिल्टरपण भरणार. आण्णा म्हणाले दिवाळी झाल्यावर बघू, आता खर्च नको. मोठ्या माणसाला किती आग्रह करणार, पण बिलाच्या खाली “टाकी साफ करणे बाकी” असं पेननं लिहिलंय. बिलाचा वरचा अर्धाच फोटो तुम्ही टाकलाय, खालचापण टाकायचा होता.

आण्णा आमच्याकडं फियाट होती तेव्हापासून येतात, वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हापासून. त्यांनी एक शब्द वाकडा बोलला नाही. तुम्ही पुण्याला असता, तुमची घाई मी समजू शकतो, शोरूममध्ये टोकन, एसी, मेसेज सगळं असतं. आमच्याकडंपण आता कामाचे फोटो व्हॉट्सॲपला टाकत जायचं असं पोरांना सांगितलंय, जमेल तसं चालू करतोय. पण “लुटारू” हा शब्द काढला तर बरं होईल, स्टार किती द्यायचे ते तुमच्या मर्जीवर.

टाकी धुवायची मजुरी मी घेणार नाही, पेट्रोलचा पाइप आणि फिल्टर लागला तर त्याचे पैसे द्या. आण्णांनाच पाठवा गाडी घेऊन, सोमवार सोडून कधीपण. येताना पेट्रोल भरू नका, काटा खाली असेल तेव्हा आणा, भरलेली टाकी उतरवायची म्हणजे दोन माणसं लागतात आणि निम्मं पेट्रोल वाया जातं. आणि गाडी संध्याकाळी सोडा, सकाळी गार असतानाच मला ती बघायचीय, म्हणजे दुपारपर्यंत देता येईल. संध्याकाळ धरून चाला.