पुरे झाल्या त्या कोलांट्या!

क्लास तायक्वांदोचा, आणि पोरं तासभर करतात काय? बॅकफ्लिप! गॅदरिंग आलं, बॅकफ्लिप. रील काढायचीय, बॅकफ्लिप. अहो, सामन्यात छातीवरच्या लाथेला 2 गुण, डोक्यावरच्या लाथेला 3. नुसत्या कोलांटीला? शून्य! रस्त्यात कुणी मनगट धरलं तर पोरगी उलटी उडी मारणार का? ज्युदोत सुरुवातीलाच पडायला शिकवतात: हनुवटी छातीला, हाताची थाप चटईवर, डोकं जमिनीपासून वर. आमच्या भाचीला हे कुणी दाखवलंच नाही. बोटभर मॅटवर मानेवर आपटली, तर सर म्हणे, "भीती घालवा हिची." भीती कसली घालवताय? मान मोडली असती लेकराची! आधी पडायला शिकवा, धरलेला हात सोडवायला शिकवा. फी त्यासाठी भरतोय आम्ही.