भिंगांचा भुंगा

लेकीसाठी म्हणून मायक्रोस्कोप घेतला (घरी सांगायला हेच कारण बरं असतं). तिने कांद्याचा पापुद्रा बघितला, मुंगीचा पाय बघितला आणि तिसऱ्या दिवशी सायकल शिकायला गेली ती गेलीच. मायक्रोस्कोप माझ्या गळ्यात. आता रोज रात्री जेवणं झाली की मी टेबलाच्या कोपऱ्यात एक डोळा मिटून बसतो आणि समोर मटार सोलत बायको विचारते, "सापडलं का काही?" जसं काही कानातलं हरवलंय.

सापडत होतं हो, पण मधोमध तेवढंच नीट, कडेला सगळं विरघळल्यासारखं, आणि प्रत्येक गोष्टीला जांभळी-हिरवी किनार, पैठणी नेसल्यासारखी. म्हटलं लेन्स बदलू.

पहिलं शहाणपण म्हणजे २५एक्सचा आयपीस (डोळा लावायची वरची लेन्स). माझा होता १०चा, खालची लेन्स ४०ची, म्हणजे ४०० पट; २५चा लावला की थेट १०००! लावला. जे आधी धूसर दिसत होतं तेच अडीचपट धूसर दिसायला लागलं, वर अंधारही झाला, म्हणजे लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या काकांना झूम करत जावं आणि शेवटी नुसते चौकोन उरावेत तसं. मग कळलं की लेन्सवर ४०च्या शेजारी ०.६५ लिहिलंय तेच खरं महत्त्वाचं, लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते ते, आणि त्याच्या साधारण हजारपट, म्हणजे ६५०च्या वर गेलं की नवीन काही दिसत नाही, नुसतं फुगतं. बारकावे या कोनावर ठरतात हे जर्मनीतल्या अर्न्स्ट आबेनं १८७३ सालीच मांडून ठेवलंय. मला कळायला आयपीसचे पैसे जावे लागले.

मग दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "अक्रोमॅट, प्लॅन का अपो?" मी चहा का कॉफी विचारल्यासारखं हसलो. साध्या अक्रोमॅटमध्ये दोन रंग एका जागी आणलेले असतात, प्लॅनमध्ये कडेपर्यंत सपाट स्पष्ट दिसतं, आणि अपो म्हणजे, किंमत ऐकून मी विषयच बदलला. १००एक्सला स्लाइड आणि लेन्सच्या मध्ये तेलाचा थेंब लागतो हे घरी फोन करून सांगितलं तर, "कुठलं? शेंगदाण्याचं चालेल?" ते प्रकरण तिथेच मिटलं.

"मग ही घ्या," म्हणत त्याने आडवा आठ छापलेली लेन्स पुढे केली. नशीब तोवर एवढं वाचलं होतं की आडवा आठ म्हणजे इन्फिनिटी, नव्या पद्धतीच्या मायक्रोस्कोपची लेन्स, आणि माझी नळी जुन्या पद्धतीची, १६० मिलिमीटरची, तिला १६० लिहिलेलीच लेन्स हवी. गंमत अशी की आटे बहुतेक सगळ्यांचे सारखेच, २०.३२ मिलिमीटरचे, त्यामुळे कुठलीही लेन्स कशावरही बसते. आणि तिथेच तर घात होतो!

१६०ची प्लॅन १०एक्स घेऊन आलो, बसवली, जुन्या ४एक्सवर फोकस केला, ऐटीत लेन्सांची चकती फिरवली आणि कट्. स्लाइडचे दोन तुकडे. दुसऱ्या दिवशी दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या जुन्या लेन्सा ३६च्या उंचीच्या, ही ४५ची. ९ मिलिमीटर कुठे जाणार?" हे काल का नाही सांगितलंत विचारलं तर म्हणे तुम्ही विचारलं नाही. म्हणजे एक लेन्स घ्यायला गेलेलो मी तिन्ही घेऊन आलो. सोबत त्याने कव्हर स्लिपची डबी ठेवली, "४०ला ही लावता ना?" मी इतके दिवस थेंब तसाच उघडा बघत होतो. लेन्सवर १६०च्या पुढे ०.१७ लिहिलेलं असतं ते या काचेच्या जाडीचं, मिलिमीटरमध्ये. ती धरूनच लेन्स बनवलेली असते. सगळ्या खरेदीत स्वस्त हीच, आणि ४०एक्सवर सगळ्यात जास्त फरक कदाचित हिनेच पडला असावा, पण हे मी घरी बोललेलो नाही.

रात्री १०एक्सवर कडेपासून कडेपर्यंत लख्ख दिसलं. चपलेच्या आकाराचा पॅरामिशियम नावाचा एकपेशीय जीव गोल गोल फिरत आला, भिंतीला धडकला, मागे सरकला, जरा तिरका होऊन परत निघाला. मी ओरडूनच सगळ्यांना बोलावलं. लेक सायकल टाकून आली, बायकोने हात पुसून डोळा लावला, बराच वेळ बघितलं.

"सुंदर आहे रे. पाणी कुठलं?"

"माठाखालच्या ताटलीतलं."

सध्या मी वॉटर फिल्टर बघतोय. त्यात आरओ, यूव्ही आणि यूएफ असे तीन प्रकार असतात.