फणी

मला टक्कल पडून वीस वर्षं झाली. त्यामुळे टूसॉनच्या सहलीच्या यादीतून मी फणी खोडली, यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

यादी हिची होती. आरव्हीची कल्पनाही हिचीच. निवृत्तीनंतर कॅलिफोर्नियातल्या घरी बसून मी फ्रिज लावायच्या पद्धतीत सुधारणा सुचवू लागलो, तेव्हा "कुठेतरी जाऊ या" असं निघालं. हॉटेलात फोडणी देता येत नाही. म्हणून स्वयंपाकघर, पलंग आणि संडास पोटात असलेली चोवीस फुटी गाडी भाड्याने घेतली आणि मार्चमध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात आठवडाभर मुक्काम ठोकला.

आरव्ही पार्कात आमची गाडी एका अंगाला कलून उभी राहिली. रात्री आमटी पातेल्याच्या एकाच बाजूला जमली आणि झोपेत मी दोनदा घरंगळत हिच्या अंगावर गेलो. "अहो, या वयात?" असा अंधारातून आवाज आला.

सकाळी शेजारचे मिनेसोटाचे आजोबा पाणसळ घेऊन हजर. उत्तरेतली निवृत्त मंडळी थंडीला कंटाळून हिवाळाभर इथे येऊन राहतात, त्यांना 'स्नोबर्ड' म्हणतात. आजोबांनी चाकांखाली ठोकळे सरकवून आमचा संसार समतल केला आणि मग सांडपाण्याकडे वळले. आरव्हीला दोन टाक्या असतात. आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची 'ग्रे', आणि दुसरी 'ब्लॅक', तिच्यात काय असतं ते सांगत नाही. आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. आणि ब्लॅकचा व्हॉल्व्ह कधीही उघडा ठेवायचा नाही. ठेवला तर पातळ तेवढं वाहून जातं आणि बाकीचं... आजोबांनी हातांनी शंकराची पिंड काढून दाखवली. अर्थात, त्यांच्या मते तो डोंगर होता. तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, पण इतकं स्पष्ट डॉक्युमेंटेशन मला कुणी दिलं नव्हतं.

अडचण वेगळीच होती. बाकीच्यांकडे मागे जोडून आणलेली छोटी मोटार होती, आमच्याकडे नव्हती. म्हणजे निवडुंग बघायला जायचं तर वीज काढा, पाणी काढा, ती दुसरी नळी काढा, कपाटांना कड्या लावा, कुकर सिंकमध्ये बसवा आणि अख्खं घर घेऊन निघा. एक कडी राहिली होती. पहिल्याच वळणावर पोह्यांचा डबा खाली आला आणि गॅसपासून पलंगापर्यंत अक्षता पडल्या.

टूसॉन हे पाच लाखांवर वस्तीचं शहर, आणि त्याच्या पूर्वेला अर्धं, पश्चिमेला अर्धं असं सग्वारो नॅशनल पार्क. सग्वारो हे इथल्या उंच निवडुंगाचं नाव. लिहायचं सग्वारो, म्हणायचं सवारो. पश्चिमेकडे जायला गेट्स पासचा देखणा घाट आहे, पण आमचं धूड तिथे घालायची हिंमत नव्हती. दक्षिणेकडून किनी रोडने वळसा घालून गेलो.

आपल्याकडे निवडुंग म्हणजे बांधावरची वई. इथे चाळीस फुटी खांब, हात वर करून उभे, बघावं तिकडे. पहिल्या आठ वर्षांत हे झाड जेमतेम इंच-दीड इंच वाढतं, आणि पहिला हात फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. ही पाटी हिने मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारखंच. घरात हात लावायला साठी उलटावी लागली."

किंग कॅन्यनच्या वाटेने वासन पीक गाठायचं ठरलं होतं. उंची 4,687 फूट, म्हणजे सिंहगडापेक्षा जास्त. मात्र टूसॉनच मुळात चोवीसशे फुटांवर आहे, त्यामुळे फार फुशारकी मारण्यात अर्थ नाही. शिवाय वर कांदाभजी नाही, मडक्यातलं दही नाही. मग चढायचं कशासाठी, हा प्रश्न मी वाटेत तीनदा विचारला. चौथ्यांदा विचारणार तेवढ्यात बुटाची नाडी सुटली. मी वाकलो.

मागे टेडी बेअर चोया होता.

लांबून हे निवडुंग लोकरीच्या खेळण्यासारखं गुबगुबीत दिसतं. ते उडी मारतं अशी ख्याती आहे, पण त्याला तेवढे कष्ट पडत नाहीत. नुसतं टेकलं की तुकडा सुटून चिकटतो, आणि काट्यांना उलटे आकडे असल्याने जितकं ओढावं तितकं घट्ट बसतं. ही हात लावणार, तेवढ्यात वरून उतरणाऱ्या एका बाई ओरडल्या, "हात नको! फणी आहे का?" विचारून त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि प्रश्न मागे घेतला. मग स्वतःच्या पिशवीतून रुंद दातांची फणी काढली, माझ्या पँटला चिकटलेला काटेरी चेंडू आणि पँट यांच्यामध्ये सरकवली आणि झटका दिला. तुकडा दहा फुटांवर जाऊन पडला. मी जे ओरडलो ते शुद्ध मराठीत होतं, एवढं समाधान.

उरलेले काटे घरात काढायचे ठरले. सुदैवाने घर खाली पार्किंगमध्येच होतं, पण ही म्हणाली, आधी मुक्कामी जाऊ, उजेड लागेल. गाडी हिने चालवली. मी मानेची हवाई उशी भलत्या जागी ठेवून बसलो. नळ्याही हिनेच जोडल्या, पहिल्यांदाच. मग मी पलंगावर पालथा, ही चष्मा लावून भुवयांचा प्लकर घेऊन मोजतेय, "सतरा... अठरा..." आणि दारावर टकटक. दार लोटलेलंच होतं. आजोबा सांगायला आले होते की ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा राहिलाय. त्यांनी एकूण दृश्य पाहिलं, काहीही न बोलता गेले आणि भिंग घेऊन परत आले.

दुसऱ्या दिवशी सॅन झेवियर डेल बॅकचं पांढरंशुभ्र चर्च पाहिलं. काम 1783 मध्ये सुरू, 1797 मध्ये संपलं, तरी एका मनोऱ्यावर घुमट नाहीच. ताबा मिळाला, काम अपुरं. हे मला पुण्यात फ्लॅट घेतल्यामुळे लगेच समजलं. सगळे बाकांवर बसले होते. मी तासभर भक्तिभावाने उभा होतो.

परतताना दुकानात शिरून एक फणी घेतली. काउंटरवरच्या मुलीने फणीकडे पाहिलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून हळूच विचारलं, "चोया?"