गोचिडीच्या कटाची उलटतपासणी

दावा थोडक्यात असा. बिल गेट्स यांच्या पैशातून प्रयोगशाळेत खास गोचिडी तयार करून अमेरिकेत सोडल्या. त्या चावल्या की माणसाला मटण, बीफ, पोर्क सगळंच वर्ज्य होतं. मग याच मंडळींनी ‘अ‍ॅलर्जी न होणारं’, जनुक बदललेलं डुक्कर बाजारात आणलं. त्या डुकरात म्हणे माणसाची जनुकं आहेत, सरकारनं ते गुपचूप लोकांच्या ताटात वाढलंय, आणि ऑपरेशनच्या वेळी त्याचेच तुकडे न विचारता शरीरात बसवतात.

इंग्रजी समाजमाध्यमांवर २०२३ मध्ये याला जोर आला आणि अजून ते थांबलेलं नाही. यातले सुटे तुकडे बरेचसे खरे आहेत, म्हणून लोक फसतात. अ‍ॅलर्जी खरी आहे. डुक्कर खरं आहे. गेट्स फाउंडेशननं गोचिडींवरच्या संशोधनाला पैसे दिले, हेही खरंच. गडबड आहे ती या तुकड्यांची माळ ओवण्यात.

आधी अ‍ॅलर्जी, कारण ती थोतांड आहे असं म्हणणारेही कमी नाहीत. गाय, बकरी, मेंढी, डुक्कर अशा बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पेशींवर आल्फा-गॅल नावाची एक साखर असते. ती तयार करणारं जनुक आपल्या पूर्वजांमध्ये दोन-तीन कोटी वर्षांपूर्वी निकामी झालं, त्यामुळे माणसात ही साखर नाही. अमेरिकेतली ‘लोन स्टार’ जातीची गोचीड चावली की काही जणांचं शरीर या साखरेविरुद्ध आयजीई प्रकारची, म्हणजे अ‍ॅलर्जीची, प्रतिपिंडं बनवायला लागतं. पुढे कधीतरी मटण खाल्लं की दोन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठतात, पोटात मुरडा येतो, कधी रक्तदाब कोसळतो. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी मिनिटांत दिसते, ही मात्र रात्री जेवून झोपल्यावर मध्यरात्री उठवते. म्हणून वर्षानुवर्षं कुणाला जेवणावर संशयच आला नाही. बोकडाच्या मटणातही हीच साखर असते, तेव्हा व्हर्जिनिया किंवा नॉर्थ कॅरोलिनात राहणाऱ्या मराठी घरांनी ‘आपण बीफ खात नाही, आपला काय संबंध’ असं समजू नये. कोंबडी आणि मासे यांत ती नसते. दुधातुपाचा त्रास सगळ्यांना होत नाही, काहींना होतो.

आता ‘प्रयोगशाळेतली गोचीड’. लोन स्टार गोचिडीचं शास्त्रीय वर्णन स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं १७५८ साली केलं होतं. मादीच्या पाठीवरचा पांढरा ठिपका ही तिची खूण. तिचा पसारा वाढला त्यामागे हरणांची वाढलेली संख्या आणि सौम्य होत चाललेले हिवाळे ही कारणं अभ्यासक देतात. शिवाय ही अ‍ॅलर्जी एकट्या अमेरिकेची नाही. सिडनीच्या डॉक्टर शेरिल व्हॅन न्यूनेन यांनी ऑस्ट्रेलियातले असे रुग्ण २००७ पासून मांडले, आणि तिथली गोचीड वेगळ्याच जातीची आहे. युरोपात तिसरीच. तीन खंडांतल्या तीन जातींना एकाच कटात ओढायचं तर कट फारच जुना निघेल!

गेट्स फाउंडेशनचा पैसा गेला तो ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीच्या प्रकल्पाला, आणि तो होता गुरांच्या गोचिडीवर. आपल्याकडे गायीच्या कानामागे, कासेवर दिसते तीच जात. ती लोन स्टार नव्हे. प्रकल्पाचा हेतूही गोचिडीची पुढची पिढी तगू नये, तिची संख्या घटावी, हा. जनुक बदललेले किडे निसर्गात सोडावेत का, हा वादाचा विषय आहे आणि त्यावर जरूर भांडावं. पण त्या कामाचा मटणाच्या अ‍ॅलर्जीशी संबंध नाही.

‘रोग आधी पसरवला, मग डुक्कर विकायला काढलं’ हा दाव्याचा कणा. तो मोडायला तारखा पुरेशा आहेत. आल्फा-गॅलचं जनुक बंद केलेली पहिली डुकरं जन्मल्याचं २००२ मध्ये जाहीर झालं. त्यात जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बंद होती. दोन्ही बंद असलेली डुकरं पीपीएल थेरप्युटिक्सनं त्याच वर्षी जाहीर केली. डॉली मेंढीच्या कामाशी जोडलेली तीच ही कंपनी. तेव्हा मांसाच्या या अ‍ॅलर्जीला नाव नव्हतं, तिचं कारणही माहीत नव्हतं. सुगावा लागला तो भलत्याच वाटेनं. सेटुक्सिमॅब नावाचं कॅन्सरचं औषध टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या रुग्णांना टोचलं की पाचातल्या एकाहून जास्त जणांना गंभीर प्रतिक्रिया येत होती, बाकी देशात मात्र क्वचित. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या गटानं २००८ मध्ये दाखवलं की या रुग्णांच्या रक्तात आल्फा-गॅलविरुद्धची प्रतिपिंडं औषध देण्याआधीपासूनच होती. हे औषध उंदराच्या पेशींत बनतं आणि त्यावर ती साखर असते. गोचिडीशी धागा जुळल्याचा शोधनिबंध आला २०११ मध्ये. या शोधाच्या काळातच प्लॅट्स-मिल्स स्वतः डोंगरात फिरताना गोचिडींच्या तावडीत सापडले आणि नंतर लंडनमध्ये कोकराचं मांस खाऊन अंगभर गांधी उठवून बसले. संशोधकाला असा पुरावा स्वतःच्या कातडीवर मिळणं विरळाच.

मग २००२ मध्ये ते डुक्कर कशासाठी बनवलं? अवयवांसाठी. आपल्या आतड्यातल्या जिवाणूंवर आल्फा-गॅलसारखी साखर असते, म्हणून प्रत्येक माणसाच्या रक्तात तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं जन्मानंतर लवकरच तयार होतात. ही नेहमीच्या, आयजीएम-आयजीजी प्रकारची, अ‍ॅलर्जीची नव्हेत. साध्या डुकराचं मूत्रपिंड माणसाला जोडलं की ही प्रतिपिंडं त्यावर तुटून पडतात आणि अवयव काही मिनिटांत ते तासांत काळा पडतो. ही पहिली भिंत पाडायला ते जनुक बंद केलं. मांसाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना चालेल असं पोर्क, हा नंतर सुचलेला उपयोग.

‘माणसाची जनुकं’ हा मुद्दा दोन वेगळ्या डुकरांच्या गल्लतीतून आला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, एफडीएनं, १४ डिसेंबर २०२० रोजी खाण्यासाठी मंजूर केलेल्या ‘गॅलसेफ’ डुकरात माणसाचं एकही जनुक नाही, डुकराचंच एक बंद केलेलं आहे. जानेवारी २०२२ मध्ये मेरीलँडमध्ये डेव्हिड बेनेट यांना ज्या डुकराचं हृदय बसवलं, त्यात दहा बदल होते आणि त्यांपैकी सहा मानवी जनुकं होती. दोन्ही डुकरं रेव्हिव्हिकॉर या एकाच कंपनीची, म्हणून घोळ. बेनेट यांच्यासाठीचं डुक्कर खाण्यासाठी मंजूर झालेलं नाही.

‘गुपचूप’ म्हणावं तर एफडीएनं मंजुरी प्रसिद्धिपत्रक काढून दिली. ‘सगळ्यांच्या ताटात’ म्हणावं तर हे मांस दुकानात मिळतच नाही. कंपनीनं टपालानं विकण्याचा विचार तेव्हा सांगितला होता, पुढे काही रुग्णांना ते फुकट पाठवलं. पैशासाठी रोग पसरवणाऱ्यांनी माल फुकट वाटावा, हे कटाच्या हिशेबात बसत नाही.

तरी टीकाकारांनी पकडायला हव्यात अशा दोन जागा इथे आहेत, आणि कटाच्या गोष्टीत नेमक्या त्याच सुटतात. पहिली, हे मांस सर्वसामान्यांसाठी सुरक्षित ठरवताना एफडीएनं आल्फा-गॅलच्या रुग्णांवर त्याचा परिणाम तपासलेला नाही. ज्यांच्यासाठी ते उपयोगी पडेल अशी आशा, त्यांच्याचबद्दल अधिकृत निष्कर्ष नाही. दुसरी, या डुकरात एक चिन्हक-जनुक राहून गेलंय, म्हणजे बदल झालेल्या पेशी ओळखायला वापरलेलं, प्रतिजैविकाला (अँटिबायोटिकला) दाद न देणारं जनुक. एफडीएनं त्याचा धोका कमी ठरवला, पण एक कारण असं दिलं की अशी डुकरं अन्नसाखळीत मोजकीच येणार आहेत. संख्या वाढली तर हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

राहिला ऑपरेशनचा मुद्दा. गॅलसेफच्या मंजुरीत त्याचे अवयव किंवा ऊती माणसात बसवण्याची परवानगी नव्हती, प्रत्येक वैद्यकीय उत्पादनाला वेगळी लागते. भाजलेल्यांसाठी आल्फा-गॅल नसलेल्या डुकराची जिवंत पेशींची त्वचा वापरण्याची चाचणी २०१९ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सुरू झाली. ती त्वचा कायमची नसते, रुग्णाची स्वतःची त्वचा लावेपर्यंत जखम झाकते. मुंबईत सायन रुग्णालयाच्या त्वचापेढीतली मृत दात्यांची त्वचा हेच काम करते. दाते पुरेसे मिळाले असते तर डुकराकडे वळायची वेळ कमी आली असती.

साध्या डुकराची प्रक्रिया केलेली कातडी मात्र पुनर्रचना शस्त्रक्रियेत बरीच वर्षं आहे. मोठा हर्निया किंवा स्तनाच्या कॅन्सरनंतरची स्तनरचना यांत पेशी काढून टाकलेला तिचा जाळीसारखा थर टाके घालून बसवतात. पेशी गेल्या तरी साखर उरू शकते, म्हणून स्ट्रॅटिससारख्या उत्पादनात ती एन्झाइमनं कापून काढतात. म्हणजे जनुकशास्त्रज्ञांनी डुकरात जे केलं, तेच इथे कारखान्यात, कातडी सोलल्यावर.

आपल्याकडे हा विषय निघाला की गुवाहाटीजवळ सोनापूरला १९९७ मध्ये डॉ. धनीराम बरुआ यांनी डुकराचं हृदय बसवल्याची आठवण निघते, ‘भारतानं आधीच केलं होतं, दाबून टाकलं’ या सुरात. दाबलं नव्हतं. रुग्ण आठवडाभरात दगावला, आणि १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली बरुआंना अटक झाली. आल्फा-गॅल नसलेलं डुक्कर तेव्हा जगात कुठेच नव्हतं.

‘न विचारता’ या तक्रारीत मात्र तथ्य आहे. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन हे औषध डुकराच्या आतड्यातून येतं, काही हृदयझडपा डुकराच्या किंवा गायीच्या असतात, बऱ्याच कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं, आणि डॉक्टर हे दरवेळी सांगतातच असं नाही. धर्मामुळे, शाकाहारामुळे किंवा अ‍ॅलर्जीमुळे ज्यांना फरक पडतो, त्यांनी ऑपरेशनआधी शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही विचारावं. अमेरिकेत राहून गोचीड चावली असेल आणि मटणानंतर रात्री गांधी उठत असतील, तर आल्फा-गॅलची आयजीई रक्ततपासणी करून घ्यावी आणि तो कागद ऑपरेशनच्या फाइलला लावावा.