‘डॉकर टाका, विषय संपला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रोग्रॅमिंगसाठी लॅपटॉप तयार करताना पोरं कुठे अडकतात, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "हे सगळं जुनं झालं. डॉकर टाका, विषय संपला. सेटएक्सची कमांड तर चुकीचीच आहे. लाइन एंडिंगबद्दल अवाक्षर नाही. खान्देशातल्या मुलांना अजून किती मागे ठेवणार?" (नव्या वाचकांसाठी: डॉकर म्हणजे प्रोग्रॅम, त्याला लागणाऱ्या सगळ्यासकट, एका बंद डब्यात म्हणजे कंटेनरमध्ये चालवायचं साधन. लाइन एंडिंग म्हणजे फाइलमधली ओळ संपल्याची खूण.)

कमांडचं तुमचं बरोबर आहे. पाथ म्हणजे विंडोज प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधतं ती यादी. ती १०२४ अक्षरांच्या पुढे गेली की ती बदलणारी सेटएक्स कमांड उरलेली छाटून टाकते. आता लेखात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या खिडकीतून नवी ओळ घालायला सांगितलंय. बारीक चूक होती, सुधारली.

पण "विषय संपला"? कोणाचा? मी दर रविवारी अमळनेरला पोरांचे लॅपटॉप लावून देतो. निम्म्यांकडे जळगावहून आणलेली सेकंडहँड मशीन, चार जीबी रॅमची. विंडोजवर डॉकरसाठी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) घ्या, त्यासाठी बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करा, मग इमेज, म्हणजे तो तयार डबा, उतरवा, तीही मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीतून. मे महिन्याच्या दुपारी लाइट गेलेली असताना हे करून बघा. समोरच्याकडे काय आहे हे न विचारता तीन-चार शब्दांत निकाल द्यायची ही कुठली पद्धत? लेख शेवटपर्यंत वाचलात का, अशीच मला शंका आहे.

मी ऐकीव सांगत नाही. २०१९ साली माझ्याकडे उबंटू १८.०४ हे लिनक्स होतं, त्यात पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची ३.६ आवृत्ती. मला ३.७ हवं होतं, म्हणून ‘पायथन३’ हे नावच मी नव्या आवृत्तीकडे वळवलं. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडेना. ते सुरू करणारी स्क्रिप्ट पायथनचीच, आणि तिला लागणारं मॉड्यूल (जोड-भाग) ३.६ साठी बांधलेलं. दुसऱ्या दिवशी पुण्याला मुलाखत होती. भुसावळ स्टेशनच्या बाकावर, गाडीची वाट बघत, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावरून मी ते नाव परत ३.६ कडे फिरवलं. तेव्हा कळलं, सिस्टिमचं पायथन हे आपलं नव्हे.

२०२३ पासून उबंटूवर सिस्टिमच्या पायथनमध्ये काही टाकायला गेलं, तर पिप (पायथनची पॅकेजेस टाकणारं साधन) स्वतःच अडवतं. तरी पोरं नेटवरून ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय उचलून चिकटवतात! काय मोडणार ते नावातच लिहिलेलं असताना. म्हणून मी प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हेन्व, म्हणजे पॅकेजेससाठी स्वतंत्र कप्पा, करायला लावतो. उबंटूवर त्यासाठी एक छोटं पॅकेज टाकावं लागतं, बस. चार जीबीवर सुखाने चालतं. यात जुनं काय आहे?

लाइन एंडिंगचं वगैरे पुन्हा कधी बोलू. पण मागे ठेवण्याची भाषा माझ्याशी करू नका. ज्या पोराला आपल्या मशीनवर कुठलं पायथन उत्तर देतंय हे कळत नाही, त्याचा कंटेनर अडला की तो कोणाला विचारणार? रविवारी सकाळी अमळनेरला या. त्यातलाच एक लॅपटॉप घ्या, डॉकर चालवून दाखवा. मी पोरांसोबत मागच्या बाकावर बसून बघेन.